फर्दापूर फाट्यावरची इंग्रजी

जळगावहून छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या रस्त्याला लागले की नेरी, पहूर, वाकोद ही गावे एकामागून एक मागे पडतात आणि साठेक किलोमीटरवर फर्दापूर येते. समोर अजिंठ्याचा डोंगर आडवा उभा असतो. घाट चढून गेले की वर अजिंठा गाव लागते. पण लेणी पाहणाऱ्याने घाट चढायचा नसतो. घाटाच्या अलीकडेच फाटा फुटतो आणि तिथे सगळ्या गाड्या थांबतात. धुराने लेण्यांना अपाय होऊ नये म्हणून खाजगी वाहनांना पुढे मज्जाव आहे. उरलेले चार किलोमीटर तिथल्या बसनेच जावे लागते.

या फाट्यावर दुकानांच्या रांगा आहेत. गारगोट्या, जांभळे आणि पांढरे स्फटिक, मण्यांच्या माळा, लेण्यांची चित्रे छापलेली कार्डे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. अजिंठ्याचा डोंगर काळ्या पत्थराचा, लाव्हारसाचा. तो रस थंड होताना आत पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत हजारो वर्षे पाणी झिरपून स्फटिक तयार झाले. तेच फोडून, पुसून, इथे मांडलेले असतात.

लेण्यांवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. वाचकांपैकी अनेकजण मुलाबाळांसह जाऊनही आले असतील. आज आम्हाला सांगायचे आहे ते या फाट्यावर, बसमध्ये आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर ऐकू येणाऱ्या इंग्रजीबद्दल. कारण आम्ही भुसावळच्या रेल्वे वसाहतीलगतच्या वस्तीतील चार कुटुंबे, लहानमोठी सतरा माणसे, हिवाळ्यात तिथे गेलो ती लेणी पाहायला; आणि परतलो ती लेण्यांबरोबर एक वेगळाच धडा घेऊन.

बसमधून उतरताच दगड विकणारे पुढे येतात. आमच्याशी ते मराठीत आणि हिंदीत बोलले. पण आमच्या मागोमाग परदेशी पाहुण्यांची गाडी आली आणि त्याच माणसांच्या तोंडून इंग्रजी सुरू झाली. "वेअर आर यू फ्रॉम?" "फर्स्ट सी, देन बाय." "नो बाय, नो प्रॉब्लेम." "धिस स्टोन, फ्रॉम धिस माउंटन." "लास्ट प्राइस, मॅडम." एकाने तर पाहुणे जपानी आहेत असे पाहून दोनचार शब्द जपानीतही टाकले. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनासाठी जपानने १९९० नंतरच्या काळात कर्ज दिलेले आहे आणि जपानी यात्रेकरूंची इथे जुनी ये-जा आहे; तेव्हा त्याचे नवल नाही. नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे.

आमच्यात एक मुलगा आहे. आयटीआयचा वायरमन, गुण चांगले, हात चलाख. दोन महिन्यांपूर्वी एका कारखान्यात मुलाखतीला गेला होता. कामाचे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे त्याने हिंदीत ठणठणीत दिली. मग समोरच्या साहेबांनी सहज म्हटले, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." आणि हा गप्प झाला. घाम फुटला. 'थँक यू' म्हणून उठून आला. नोकरी मिळाली नाही. घरी येऊन तो आईला म्हणाला, "मला अर्थ कळत होता गं, पण तोंडच उघडेना."

हा मुलगा पहिलीपासून इंग्रजी शिकला. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली. पण २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे. दहा वर्षे इंग्रजी शिकलेला आमचा मुलगा गप्प, आणि फाट्यावरचा दगडवाला बोलतोय! त्या मुलाच्या मनाला हे लागले. आम्हालाही लागले. म्हणून परदेशी पाहुणे पुढे गेल्यावर आम्ही त्या दुकानदाराजवळ थांबलो.

"दादा, शाळा कितवीपर्यंत?"

"आठवी."

"मग इंग्रजीचा क्लास लावला होता का?"

तो हसला. "क्लास कसला, मावशी! काकांच्या मागे पिशवी धरून उभा राहायचो. पहिलं वर्ष नुसतं ऐकलं. मग आकडे शिकलो. आकडे चुकले तर पैसे जातात, म्हणून आकडे आधी पक्के केले. मग दहा वाक्यं. बाकीचं गिऱ्हाइकानं शिकवलं."

त्याने आम्हाला एक गंमत दाखवली. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'थर्टीन' आणि 'थर्टी' हे आकडे कानाला सारखे लागतात. पाहुण्यालाही लागतात. म्हणून तो भाव तोंडाने सांगतो आणि लगेच गणकयंत्रावर आकडा दाबून समोर धरतो. "तोंडावर विश्वास, पण खात्री यंत्रावर," असे तो म्हणाला. आम्ही हसलो; पण विचार केला तर बोलणे शिकण्याचे अर्धे शास्त्र यातच आहे. समोरच्याला कळले की नाही याची खात्री करून घ्यायची, आणि नसेल कळले तर दुसऱ्या वाटेने सांगायचे.

आमच्या मुलाला शाळेने दहा वर्षे लिहायला लावले. बोलायला कधी लावलेच नाही. परीक्षेत गाईवरचा निबंध होता, मुलाखत नव्हती. दुकानदाराला मात्र कोणी लिहायला सांगितले नाही. त्याला रोज शंभर वेळा बोलावे लागले. ज्याचा सराव केला ते प्रत्येकाला आले. यात एकाची हुशारी आणि दुसऱ्याचा मूर्खपणा असे काहीच नाही. ही गोष्ट त्या मुलाला तिथेच, दुकानाच्या फळीला टेकून, आम्ही समजावून सांगितली.

बसने वळणे घेत वाघूर नदीच्या घळीत शिरलो. नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात तीस लेणी ओळीने कोरलेली आहेत. तिकिटाच्या खिडकीपासूनच पाट्या सुरू होतात. मुलांना आम्ही खेळ लावून दिला: प्रत्येक पाटीवरचा एक इंग्रजी शब्द वहीत उतरवायचा, अर्थ मराठी पाटीवरून काढायचा. एंट्री, एक्झिट, प्रोहिबिटेड, फ्लॅश, रिपेअर, केव्ह. शाळेतल्या पुस्तकात 'प्रोहिबिटेड' हा शब्द आला की मुले जांभया देतात. इथे त्याचा अर्थ कळल्यावर धाकट्याने वरात काढल्यासारखा तो ओरडत नेला. मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी लिहिलेली पाटी म्हणजे फुकटचा शब्दकोश असतो. रेल्वे स्टेशन, बँक, दवाखाना, पोस्ट, सगळीकडे हा शब्दकोश टांगलेला आहे. आपण त्याच्याखालून रोज जातो.

पहिल्या लेण्यात एक वाटाड्या परदेशी पाहुण्यांना माहिती देत होता. आम्ही थोडे अंतर ठेवून उभे राहिलो. त्याची इंग्रजी फाट्यावरच्या इंग्रजीहून निराळी होती. दुकानदाराचे सगळे बोलणे 'आत्ता' आणि 'इथे' यांतले: हा दगड, हा भाव, घ्या किंवा नका घेऊ. वाटाड्याला मात्र गोष्ट सांगायची होती. कोणी कोरले, केव्हा कोरले, का सोडून दिले. त्यामुळे त्याच्या बोलण्यात भूतकाळ होता, कारण होते, तुलना होती. बारावीतल्या आमच्या मुलीने कान देऊन ऐकले आणि त्याचे सांधे जोडणारे शब्द वहीत लिहून घेतले: फर्स्ट, देन, आफ्टर दॅट, बिकॉज, बट, सो. एवढ्या सहा शब्दांवर तो माणूस अर्धा तास लीलया बोलत होता. वाक्ये छोटी, एकात एक न गुंतवलेली. "द मंक्स लिव्ह्ड हिअर. देन दे लेफ्ट. आफ्टर दॅट द फॉरेस्ट केम." कळायला सोपे आणि बोलायलाही सोपे.

इंग्रजी शिकण्याच्या पुस्तकांवर पायऱ्या छापलेल्या असतात: बिगिनर, एलिमेंटरी, प्री-इंटरमिजिएट, इंटरमिजिएट आणि पुढे. पालकांना हे शब्द पाहून धडकी भरते. त्याचा साधा अर्थ आम्हाला अजिंठ्यात कळला. नाव, गाव, आकडे, भाव सांगता येणे म्हणजे पहिल्या पायऱ्या. फाट्यावरची इंग्रजी ती. काल काय झाले, उद्या काय करणार, हे का आणि ते का नाही, एवढे साध्या वाक्यांत सांगता येणे म्हणजे प्री-इंटरमिजिएट. लेण्यातल्या वाटाड्याची वाट तिथून सुरू होते. युरोपच्या परिषदेने २००१ साली भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या ठरवून प्रसिद्ध केल्या. त्यांतली दुसरी पायरी साधारण हीच. घर, कुटुंब, खरेदी, नोकरी अशा ओळखीच्या गोष्टींवर साधी देवाणघेवाण करता येणे, असे तिचे वर्णन आहे. म्हणजे आमच्या वायरमन मुलाला जी इंग्रजी हवी होती ती डोंगराच्या माथ्यावर नव्हती. दुसऱ्याच पायरीवर होती.

पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. राजा, राणी, नाच करणारी नर्तिका, वाजंत्री बायका आणि पुढे घोड्यावरून सर्वस्व सोडून निघालेला राजा. उजेड मंद असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. आम्ही मुलांना म्हटले, चित्रात दिसते तेवढेच इंग्रजीत हळू आवाजात सांगा. "द किंग इज सिटिंग." "द वुमन इज डान्सिंग." "धिस वुमन हॅज अ फ्लूट." मग आयटीआयवाला मुलगा, जो सकाळपासून गप्प होता, पुटपुटला, "द क्वीन इज सॅड. बिकॉज द किंग विल गो." त्याच्या आईला इंग्रजी येत नाही; पण पोराचे तोंड उघडले हे तिला कळले. तिने काही न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दहाव्या लेण्यापाशी थांबलो. हे इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनापूर्वीचे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या घळीत आला आणि बाहेरच्या जगाला लेण्यांचा पत्ता लागला. त्याने आपले नाव आणि तारीख या लेण्याच्या खांबावर कोरून ठेवली, हे काही चांगले केले नाही. पुढे १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल याने कित्येक वर्षे इथे राहून चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला नेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागून बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ पुढच्या एका आगीत गेल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आमच्या भुसावळात आहे, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हते.

माहीत का नव्हते? कारण आमच्या दारातल्या या लेण्यांचे शंभर-सव्वाशे वर्षांचे बहुतेक लिखाण इंग्रजीत झाले. मराठीत चांगली पुस्तके आता आहेत. ती जरूर वाचावीत. पण मूळ कागदपत्रे, नकाशे, जुने अहवाल वाचायचे तर इंग्रजीच लागते. पोटासाठी इंग्रजी हवी हे सगळेच सांगतात. आपल्याच घरातली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली असेल तर त्या कपाटाची किल्ली हवी, हेही कारण कमी नाही.

सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची प्रचंड मूर्ती आहे, सुमारे सात मीटर लांबीची. खाली शोक करणारे शिष्य, वर आकाशातली मंडळी, मध्ये शांत पहुडलेले बुद्ध. आमची आजी तिथे गुडघे टेकून बसली. शेजारी थायलंडहून आलेल्या दोन बहिणी बसल्या होत्या. वय साठीच्या आसपास. वंदना झाल्यावर त्यांतल्या थोरलीने आजीकडे पाहून हात जोडले आणि बाहेर आल्यावर आमच्या मुलीला विचारले, "यू कम फ्रॉम वेअर?"

"वुई आर फ्रॉम भुसावळ."

"भू...?"

मुलगी क्षणभर अडली. मग तिने दुसरी वाट धरली. "बिग रेल्वे स्टेशन. नॉट फार. थ्री अवर्स, बाय बस."

"आ, रेल्वे! गुड, गुड." मग आजीकडे बोट करून, "शी, हाऊ ओल्ड?"

"सेव्हन्टी."

"सेव्हन्टीन?" आणि ती स्वतःच तोंडावर हात धरून हसली. मुलीने फाट्यावरच्या दुकानदाराची आठवण ठेवून तळहातावर बोटाने सात आणि शून्य काढून दाखवले. सगळेच हसलो. आजीला अर्थ सांगितल्यावर तिने त्या बाईचा हात हातात घेतला आणि मराठीत म्हणाली, "बाई, सतरावी सरून किती उन्हाळे झाले!" ते मात्र कोणाला भाषांतरित करता आले नाही आणि करायची गरजही पडली नाही.

बोलणे दहा मिनिटे चालले. मुले किती, नातवंडे किती, प्रवास कसा झाला, जेवण तिखट लागते का. मध्येच ती बाई म्हणाली, "स्लोली, प्लीज. माय इंग्लिश लिटल." आमची मुलगी पटकन म्हणाली, "माय इंग्लिश ऑल्सो लिटल." आणि त्यानंतर दोघी जास्त मोकळ्या बोलू लागल्या.

हे पाहून आमच्या डोक्यातला एक मोठा दगड हलला. आपण धरून चाललेलो असतो की इंग्रजी बोलायची म्हणजे समोर गोरा साहेब, नाही तर शहरातल्या मोठ्या शाळेतून आलेला अधिकारी. तो आपल्या चुका मोजणार. पण जगात आज इंग्रजी बोलणाऱ्यांत जिची ती मायबोली नाही अशी माणसेच जास्त आहेत. थाई बाईची इंग्रजी तिच्या भाषेच्या वळणाने मोडलेली, आमची आमच्या वळणाने. मध्यावर दोघींची गाठ पडली. 'हळू बोला' असे म्हणायला तिला लाज वाटली नाही. मग आम्ही का लाजावे?

मात्र फाट्यावरच्या इंग्रजीला कुंपण आहे, तेही सांगितले पाहिजे. नाही तर 'शाळा कशाला, दुकानावर बसवा' असा उलटा अर्थ कोणी काढील. परतताना आम्ही त्याच दुकानदाराकडे चहा घेतला. तो म्हणाला, "२०२० साली कोरोनात लेणी महिनोन्‌महिने बंद होती. फाट्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. माल घरात पडून. तेव्हा मोबाईलवरून माल विकणारे तगले. मुंबईच्या व्यापाऱ्यांचे निरोप इंग्रजीत यायचे: वजन किती, तुटला तर बदलून देणार का, पावती कशी. मला बोलता येतं, पण ते वाचून उत्तर लिहिता येत नव्हतं. शेवटी पोरीनं लिहिलं." त्याची मुलगी दहावीत आहे. दोघांची मिळून एक पुरी इंग्रजी होते, असे तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "बोलण्यावर दिवस निघतो हो. लिहिण्यावर धंदा वाढतो."

आमच्या मुलांकडे लिहिण्याची अर्धी बाजू आहे, बोलण्याची नाही. त्याच्याकडे बोलण्याची आहे, लिहिण्याची नाही. दोन्ही बाजू जुळवण्यासाठी आम्ही भुसावळला आल्यावर काय सुरू केले ते इथे देतो. कोणत्याही वस्तीत, खर्चाशिवाय करता येण्यासारखे आहे.

दर रविवारी संध्याकाळी एक तास मुले आणि मोठी माणसे विहारात बसतात. नियम एकच: चूक झाली तर कोणी हसायचे नाही. पुढचे सगळे या एका नियमावर उभे आहे.

पहिले काम आकड्यांचे. आकडे, वार, वेळ, तारीख, पत्ता, फोन नंबर हे न अडखळता सांगता आणि ऐकता आले पाहिजे. एकाने फोन नंबर इंग्रजीत सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. 'सेव्हन्टीन' की 'सेव्हन्टी' हे कान ओळखेपर्यंत.

दुसरे काम अडचणीतून सोडवणाऱ्या वाक्यांचे. "सॉरी, वन्स मोअर प्लीज." "स्लोली, प्लीज." "डू यू मीन फिफ्टी?" "आय डोन्ट नो, बट आय विल आस्क." ही चार वाक्ये खिशात असली की माणूस गप्प बसत नाही. आमचा मुलगा मुलाखतीत गप्प बसला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हती असे नाही. अडल्यावर काय म्हणायचे ते येत नव्हते.

तिसरे काम स्वतःची ओळख. आठ वाक्ये, स्वतःची, कोणाची उतरवलेली नव्हेत. आत्ताची तीन: मी कोण, कुठे राहतो, काय करतो. मागची तीन: कुठे शिकलो, कोणते काम केले, त्यातून काय आले. पुढची दोन: काय शिकायचे आहे, हे काम का हवे. वर्तमान, भूत, भविष्य तिन्ही काळ आले की प्री-इंटरमिजिएटचे अर्धे व्याकरण झाले.

चौथे काम वाक्याच्या बांधणीचे. मराठीत क्रियापद शेवटी बसते: 'मी भुसावळला राहतो.' इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते: 'आय लिव्ह इन भुसावळ.' मनात मराठी वाक्य पुरे करून मग उलटे फिरवायला गेले की जीभ अडकते. म्हणून कर्ता आणि क्रियापद ही जोडी आधी तोंडात बसवायची: आय लिव्ह, आय वर्क, आय वॉन्ट, आय लर्न्ड. बाकीचे मागून येते. आपल्या लोकांच्या दोन चुका नेहमीच्या. 'डिड यू वेन्ट' म्हणतात. 'डिड' आले की भूतकाळ झाला, पुढे 'गो' पुरे. आणि 'आय अॅम नोइंग' म्हणतात. 'आय नो' एवढेच हवे.

पाचवे काम चित्राचे. भिंतीवरचे कॅलेंडर, वर्तमानपत्रातला फोटो काहीही चालते. दिसते ते सांगायचे आणि एकदा तरी 'बिकॉज' वापरायचे. सहावे काम लिहिण्याचे: आठवड्याला एक अर्ज, एक फॉर्म किंवा मोबाईलवरचा एक निरोप.

शब्द किती लागतात? सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने १९३० साली ८५० शब्दांची एक यादी केली. साधे व्यवहार त्यात भागावेत अशी त्याची कल्पना होती. मायकेल वेस्ट याने १९५३ साली सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी छापली. दिवसाला पाच शब्द धरले तर वर्षाला १८२५ होतात. तेव्हा 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' अशी जाहिरात पाहून घरातले दागिने गहाण ठेवण्याचे कारण नाही. तीन महिन्यांत फाडफाड कोणाला येत नाही; वर्षभरात कामापुरती ज्याला त्याला येते, रोज तोंड उघडले तर.

आपल्या घरात ही परंपरा नवी नाही. रामजी सुभेदारांनी बाळ भीमरावांकडून तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांचा कसून अभ्यास करून घेतला होता. पुस्तक साधे, चाळीतली खोली लहान. पण बसवून घेणारा बाप होता. ज्या आईबापांना स्वतःला इंग्रजी येत नाही त्यांनीही 'आम्हाला काय कळते' म्हणून बाजूला होऊ नये. मुलाची आठ वाक्ये रोज ऐकून घेणे आणि कुठे अडखळले ते सांगणे, एवढे कानाने करता येते. आमच्या त्या वायरमनची आई चूल आटोपली की रोज ऐकते. तिला आता त्याची आठही वाक्ये पाठ झाली आहेत. परवा तो सहावे वाक्य विसरला तेव्हा तिनेच ते म्हणून दाखवले. त्याला पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी बोलावणे आले आहे. निकाल काय लागायचा तो लागो. या वेळी तो गप्प बसून परत येणार नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. लेणी सोमवारी बंद असतात. सकाळी लवकर पोचावे, म्हणजे उन्हाच्या आधी चढ होतो. म्हाताऱ्या माणसांसाठी पायथ्याशी डोल्या मिळतात. भाव आधी ठरवून घ्यावा. आत फ्लॅश मारू नये, भिंतींना हात लावू नये. डबा आणि पाणी सोबत असावे. आणि मुलांच्या पिशवीत एक वही व पेन्सिल जरूर द्यावी. पाट्या वाचायच्या, वाटाड्याचे ऐकायचे, कोणी परदेशी पाहुणा हसून पाहील तर 'वेअर आर यू फ्रॉम' असे आपणच आधी विचारायचे. त्याचे उत्तर नाही कळले तर पुन्हा विचारायचे. त्याला काही पैसे पडत नाहीत.